‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य’ असं म्हणण्याआधी

‘सिकलसेल हा आदिवासींचा आजार’ हे वाक्य नागपुरात शिकल्या-सवरल्या घरांतही ऐकू येतं. गोंड-माडिया समाजात तो आहे हे खरंच. पण विदर्भात तो बौद्ध, कुणबी, तेली कुटुंबांतही आढळतो. मलेरियाच्या पट्ट्यात एकच सिकल जनुक असलेल्या माणसाला त्या तापापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून पिढ्यानपिढ्या हे जनुक इथे टिकलं. शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये छापली होती.

यापेक्षा मोठा गैरसमज मात्र खुद्द डॉक्टरांमध्ये होता: भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. त्याला आधारही होता. आपल्याकडच्या रुग्णांत बहुधा ‘अरब-भारतीय’ प्रकारचं जनुक असतं. त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच टिकून राहतं आणि त्यामुळे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकण्याला आळा बसतो. पश्चिम ओडिशातल्या रुग्णांच्या अभ्यासातूनही हेच चित्र दिसलं होतं.

प्रश्न असा की, मोजलं कोणाला? मोठ्या वयाच्या रुग्णांची पाहणी केली, तर दोन-तीन वर्षांची होण्याआधीच दगावलेली मुलं हिशेबात येतच नाहीत. त्यांच्या मृत्यूचं कारण घरच्यांच्या लेखी ‘ताप’ किंवा ‘रक्त कमी झालं’ एवढंच असतं. म्हणून मोजणी जन्मापासून सुरू करावी लागते. जमैकात किंग्स्टनला १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बाळं तपासून हेच केलं गेलं.

नागपुरात हे काम शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (‘मेडिकल’च्या) बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतल्या संशोधकांनी केलं. आधी गरोदर बायांची सोल्युबिलिटी चाचणी (सिकल हिमोग्लोबिन ओळखणारी), मग ज्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली त्यांच्या बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब. अशी दोन हजारांहून अधिक बाळं तपासली गेली आणि आजार असलेल्या बाळांवर पुढे लक्ष ठेवलं गेलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीव्र रक्तक्षय, जंतुसंसर्ग आणि वेदनेचे झटके लहानपणीच दिसले. ‘सौम्य’ हा शब्द निदान विदर्भापुरता तरी मागे घ्यायला हवा, असं माझं मत आहे.

‘यावर इलाजच नाही’ हेही तितकंच चूक. हायड्रॉक्सीयुरिया हे मुळात कॅन्सरचं औषध, म्हणून आईबाप बिचकतात. डॉ. जैन आणि सहकाऱ्यांनी वारंवार झटके येणाऱ्या ६० मुलांवर त्याची चाचणी घेतली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. मात्रा लहान आणि ठरलेली: वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम. २०१२ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, औषध घेणाऱ्यांत वर्षाला सरासरी बारा असलेले झटके एकाच्याही खाली आले. दुसऱ्या गटात फारसा फरक पडला नाही. मात्रा लहान असल्याचा फायदा सरकारी दवाखान्यात कळतो: खर्च कमी आणि रक्ततपासणीचा ताणही कमी. अर्थात औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, आणि या औषधाने आजार मुळासकट जात नाही.

रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनानेच सुरू करणंही बरं नव्हे. इथे लाल पेशी लवकर तुटतात म्हणून रक्त कमी होतं, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच जास्त असू शकतं.

राहता राहिला लग्नाचा विषय. ‘एएस’ म्हणजे वाहक, रुग्ण नव्हे. त्याचा पुढे ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, होत नाही. दोघेही वाहक असतील, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ असा हिशेब काही घरांत मांडतात, तो साफ चुकीचा. प्रत्येक खेपेला तेच २५ टक्के. गर्भाची तपासणी दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून करता येते. त्यासाठी नवरा-बायको दोघांचं रक्त आधी तपासलेलं असावं लागतं, एकट्या बाईचं नव्हे.