'राधे' म्हणा, पण जपून

२००३ला 'तेरे नाम' आला आणि मधोमध भांग पाडलेलं पोरगं कट्ट्यावर 'राधे' झालं. सलूनमध्ये 'तेरे नाम कट' एवढंच सांगायचं. (मीही केलेला, फोटो मागू नका!)

यात धंदा कुठाय? फॅन स्वतःला म्हणवतो ते नाव वेगळं, दुसऱ्या हिरोचे फॅन त्याला चिडवतात ते वेगळं. 'भाईचा माणूस' म्हटलं की खूश, 'सल्लूभक्त' म्हटलं की गिऱ्हाईक गेलं. मी गंमतीत स्टेटसला टाकलं, तर सांगलीची तीन नेहमीची पोरं महिनाभर दुकानात फिरकली नाहीत.

आणि टी-शर्टवर हिरोचा फोटो छापायचा मोह आवरा. अमिताभ बच्चन यांचं नाव, फोटो, आवाज परवानगीशिवाय वापरायला दिल्ली हायकोर्टानं २०२२मध्येच मनाई केलीय.