निषेधाच्या ठरावांचं पुढे काय होतं?

४ जानेवारी १९७८ रोजी चिलीच्या नागरिकांच्या हाती एक मतपत्रिका पडली. तिच्यावर एकच लांबलचक विधान छापलेलं होतं. आपल्या मातृभूमीवर आंतरराष्ट्रीय आक्रमण झालं आहे आणि अशा वेळी देशाची प्रतिष्ठा राखणाऱ्या राष्ट्राध्यक्ष पिनोशे यांना माझा पाठिंबा आहे, असा त्याचा मथितार्थ. खाली दोन पर्याय. ‘होय’पाशी चिलीचा राष्ट्रध्वज, ‘नाही’पाशी काळा झेंडा. मतदारयाद्या लष्करी राजवटीनं आधीच निकालात काढल्या होत्या, त्यामुळे मतदार कोण आणि कोण नाही हा प्रश्नच उरला नव्हता. सरकारनं जाहीर केलं : सुमारे ७५ टक्के जनता राष्ट्राध्यक्षांच्या बाजूनं.

हे ‘आक्रमण’ कोणत्या सैन्यानं केलं होतं? कोणत्याच नाही. डिसेंबर १९७७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं चिलीतला छळ, बेकायदा अटका आणि माणसं बेपत्ता करण्याचे प्रकार यांचा निषेध करणारा ठराव मंजूर केला होता, एवढंच. जगानं बोट दाखवलं आणि हुकूमशहानं त्या बोटाचीच मतं करून घेतली. सत्ताधारी लष्करी मंडळातल्या हवाई दलप्रमुख गुस्तावो ली यांचा या मतदानाला विरोध होता. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांची हकालपट्टी झाली.

‘ठराव करून काय होतं? उलट तिकडचा नेता आणखी बळकट होतो,’ असं म्हणणाऱ्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. पण पिनोशे यांची गोष्ट १९७८ साली संपत नाही. १९७४पासून राजवट संपेपर्यंत चिलीचा निषेध आमसभेत जवळजवळ वार्षिक रिवाज झाला होता. म्हणून निषेधाचा हिशेब मांडायचा तर तो याच देशात मांडावा.

नोंद ठेवणारी माणसं

११ सप्टेंबर १९७३ रोजी हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी सान्तियागोतल्या ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले. निवडून आलेले समाजवादी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे त्या दिवशी तिथेच मरण पावले. राष्ट्रीय स्टेडियमचा तुरुंग झाला. गायक व्हिक्तोर हारा यांना दुसऱ्या एका स्टेडियममध्ये ठार मारण्यात आलं. ऑक्टोबरमध्ये जनरल आरेयानो स्तार्क यांचं पथक हेलिकॉप्टरनं गावोगाव फिरून कैद्यांना संपवत गेलं. जून १९७४मध्ये ‘दिना’ ही गुप्त पोलीस यंत्रणा रीतसर स्थापन झाली. तिचे प्रमुख मान्युएल कॉन्त्रेरास थेट पिनोशे यांनाच उत्तरदायी होते.

निषेध करायचा तर आधी काय घडलं ते कळायला हवं. इथे चिली इतर अनेक हुकूमशाह्यांपेक्षा वेगळा ठरला. सत्तापालटानंतर महिन्याभरातच कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ज्यू धर्मगुरूंनी मिळून एक मदत समिती काढली. पिनोशे यांनी दबाव आणून १९७५च्या अखेरीस ती बंद करायला लावली. तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी १ जानेवारी १९७६ रोजी चर्चच्याच छत्राखाली ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ उभी केली. पत्ता : शहराच्या मुख्य चौकातल्या कॅथेड्रलला लागून. चर्चच्या दारात रणगाडा नेणं कॅथलिक देशात कठीण होतं.

विकारियाचं काम बाहेरून पाहणाऱ्याला निव्वळ कारकुनी वाटलं असतं. नवरा किंवा मुलगा उचलून नेला गेला की बाई तिथे यायची. कधी नेलं, कुठून नेलं, कोणी पाहिलं, हे सगळं लिहून घेतलं जायचं. मग वकील न्यायालयात अर्ज करायचे : या माणसाला आमच्यासमोर हजर करा. न्यायालय गृहखात्याला विचारायचं. गृहखातं कळवायचं, असा कोणी इसम आमच्या ताब्यात नाही. अर्ज निकाली. असे हजारो अर्ज गेले आणि मान्य झालेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणीबाणीत, १९७६ साली, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं हा दरवाजाच बंद केला होता. चिलीत तो कागदोपत्री सताड उघडा होता, फक्त आत ऐकणारं कोणी नव्हतं.

तरीही वकील अर्ज करत राहिले, कारण फेटाळलेल्या अर्जालाही तारीख असते, शिक्का असतो आणि त्यावर सरकारचं खोटं उत्तर लेखी नोंदलेलं असतं. याच नोंदी देशाबाहेर गेल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या टेबलांवर पोचल्या. त्यांच्याबरोबर ‘आर्पिएरा’ही गेल्या. बेपत्ता माणसांच्या बायका आणि आया पोत्याच्या कापडावर चिंध्या शिवून ही चित्रं करायच्या : अँडीज पर्वत, त्याखाली वस्ती, दाराशी पोलिसांची गाडी आणि एक रिकामी खुर्ची. विकारियामार्फत त्या परदेशात विकल्या जायच्या. चार पैसे शिवणारीच्या घरात यायचे आणि बातमीही पोचायची.

सरकारनं दिलेली उत्तरं

१९७५च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगानं चिलीच्या चौकशीसाठी पाच जणांचा कार्यगट नेमला. अध्यक्ष होते पाकिस्तानचे गुलाम अली अल्लाना. एकाच देशाच्या अंतर्गत कारभारात असा गट नेमणं तेव्हा नवलाचं होतं. ‘आमचा अंतर्गत प्रश्न’ ही ढाल वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा अपवाद सोडला तर बहुतेकांना पुरत आली होती. पिनोशे यांनी गटाला यायची परवानगी दिली आणि गट निघण्याच्या बेतात असताना ४ जुलै १९७५ रोजी ती काढून घेतली.

त्याच महिन्यात एक विलक्षण प्रकार घडला. अर्जेंटिनातल्या ‘लेआ’ नावाच्या साप्ताहिकात ६० आणि ब्राझीलमधल्या कुरितिबाच्या एका पत्रात ५९ चिलियन माणसांची नावं छापून आली. हे डावे अतिरेकी परदेशात आपसांत लढून किंवा चकमकीत मेले, असं त्यात म्हटलं होतं. चिलीच्या वृत्तपत्रांनी ते उचलून धरलं. एकूण ११९ नावं. ही सगळी माणसं ‘दिना’नं उचललेली होती आणि त्यांची चौकशी घरचे लोक विकारियाच्या आधीच्या समितीपाशी करत होते. ‘लेआ’चा तो पहिला आणि शेवटचा अंक. जगाच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आख्खं साप्ताहिक बनवावं लागलं, यावरून त्या प्रश्नाचा काच किती होता ते कळतं.

त्याच वर्षी चिलीच्या प्रतिनिधीनं संयुक्त राष्ट्रांत सांगितलं की बेपत्ता म्हणवल्या जाणाऱ्या अनेकांना कायदेशीर अस्तित्वच नाही. म्हणजे अशी माणसं जन्मालाच आलेली नाहीत. पण १९७८च्या नोव्हेंबरअखेर विकारियाला एक खबर मिळाली. बिशप एन्रिके आल्वेआर, काही वकील आणि पत्रकार सान्तियागोजवळच्या लोंकेन गावच्या जुन्या चुनाभट्ट्यांपाशी गेले. भट्टीत माणसांची हाडं निघाली. ऑक्टोबर १९७३मध्ये इस्ला दे माइपोहून पोलिसांनी नेलेल्या १५ जणांची ती होती. पोलिसांवर ठपका आला. पण एप्रिल १९७८मध्ये सरकारनं स्वतःच्याच माणसांसाठी माफीचा कायदा करून ठेवला होता. लष्करी न्यायालयानं आरोपींना सोडलं. सान्तियागोच्या चर्चमध्ये घरचे लोक अंत्यविधीसाठी थांबलेले असताना अवशेष परस्पर इस्ला दे माइपोच्या दफनभूमीतल्या सामायिक खड्ड्यात टाकण्यात आले.

कोणी काय केलं, कोणी काय केलं नाही

निषेध नुसता ठरावांतून झाला नाही. स्वीडनचे राजदूत हाराल्ड एडेलस्टाम यांनी शेकडो लोकांना आश्रय दिला. डिसेंबर १९७३मध्ये त्यांना देश सोडायला लावलं गेलं. सोव्हिएत फुटबॉल संघानं राष्ट्रीय स्टेडियमवर विश्वचषकाचा पात्रता सामना खेळायला नकार दिला, तेव्हा चिलीच्या खेळाडूंनी समोर कोणी नसताना रिकाम्या जाळ्यात गोल मारला. जखमी बंडखोरावर उपचार केले म्हणून शीला कॅसिडी या ब्रिटिश डॉक्टरला १९७५मध्ये विजेचे झटके देण्यात आले. ब्रिटननं आपला राजदूत परत बोलावला.

यातली सर्वांत बोलकी कृती स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडच्या रोल्स-रॉइस कारखान्यात घडली. चिलीच्या हॉकर हंटर विमानांची इंजिनं तिथे दुरुस्तीला आली होती. ला मोनेदावर बॉम्ब टाकणाऱ्या जातीचीच ही विमानं. १९७४ साली बॉब फुल्टन या कामगारानं इंजिनावरचं लेबल पाहिलं आणि काम करणार नाही म्हणून सांगितलं. सहकारी त्याच्या पाठीशी उभे राहिले. चार वर्षं ती इंजिनं आवारात उघड्यावर गंजत राहिली आणि १९७८मध्ये एका रात्री ती तिथून हलवली गेली. पुढे २०१५ साली चिली सरकारनं यांपैकी काही कामगारांना राष्ट्रीय सन्मान दिला.

या चित्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. जून १९७६मध्ये अमेरिकी राज्यांच्या संघटनेच्या बैठकीसाठी हेन्री किसिंजर सान्तियागोत आले. व्यासपीठावर त्यांनी मानवी हक्कांवर भाषण केलं. त्याआधी खाजगीत पिनोशे यांना आपली सहानुभूती असल्याचं सांगितलं. ते टिपण पुढे खुलं झालं. सोव्हिएत संघ चिलीच्या निषेधात सर्वांत पुढे, पण स्वतःच्या विरोधकांना मनोरुग्णालयांत डांबणारा. डिसेंबर १९७६मध्ये झ्यूरिकच्या विमानतळावर देवघेव झाली : चिलीनं कम्युनिस्ट नेते लुईस कॉर्वालान सोडले, मॉस्कोनं व्लादिमीर बुकोव्हस्की. दोन्ही राजवटींनी आपापल्याकडे राजकीय कैदी असल्याची जणू जाहीर पावतीच दिली. माओच्या चीननं पिनोशे यांच्याशी संबंध तोडलेच नाहीत. सरकारी मदत आटली तसे खाजगी बँकांनी कर्जाचे हात मोकळे केले. ब्रिटनच्या थॅचर सरकारनं १९८०मध्ये राजदूत परत पाठवला आणि शस्त्रबंदी उठवली.

तरी बहिष्काराचे चटके बसतच होते. मार्च १९८०मध्ये पिनोशे फिलिपिन्सच्या दौऱ्यावर निघाले आणि विमान वाटेत असतानाच मार्कोस यांनी निमंत्रण रद्द केलं. एका हुकूमशहालाही दुसऱ्याबरोबरचा फोटो नकोसा झाला होता. फिजीहून परतलेल्या पिनोशे यांनी परराष्ट्रमंत्र्यांना घरी पाठवलं.

दबावानं काय बदललं

२१ सप्टेंबर १९७६ रोजी आयेंदे यांचे माजी मंत्री ओर्लांदो लेतेलिए यांची मोटार वॉशिंग्टनच्या दूतावासांच्या भागात बॉम्बनं उडवली गेली. त्यांच्याबरोबर रॉनी मॉफिट ही अमेरिकी सहकारीही मेली. माजी सेनाप्रमुख कार्लोस प्रात्स आणि त्यांच्या पत्नीची ब्वेनोस आइरेसमध्ये याआधीच अशीच हत्या झाली होती. पण आता बॉम्ब अमेरिकेच्या राजधानीत फुटला होता. तपास ‘दिना’पर्यंत पोचू लागला आणि ऑगस्ट १९७७मध्ये पिनोशे यांनी ती यंत्रणा बरखास्त केली. तिच्या जागी आलेली नवी यंत्रणाही छळ करत राहिली. पण माणसं कायमची नाहीशी करण्याचं प्रमाण १९७७नंतर घटलं. बहुतेक बेपत्ता त्याआधीच्या चार वर्षांतले आहेत. अमेरिकी कामगार महासंघानं चिलीच्या मालावर बहिष्काराची धमकी दिली, तेव्हा १९७९मध्ये घाईघाईनं नवा कामगार कायदा आला आणि संघटनांना थोडी मोकळीक मिळाली. म्हणजे ठरावाला खर्चाची जोड मिळाली की राजवट हलत होती. नुसत्या शब्दांनी ती हलत नव्हती. उलट, जानेवारी १९७८मध्ये झालं तसं, कधी त्यांचा वापर करून घेत होती.

पण ठरावांचं एक काम सावकाश चाललं होतं. चिलीच्या प्रकरणानं छळाचा प्रश्न ऐरणीवर आणला. डिसेंबर १९७५मध्ये आमसभेनं छळविरोधी घोषणापत्र स्वीकारलं आणि १९८४मध्ये त्यातून छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार झाला : छळ करणारा सापडेल त्या देशानं त्याच्यावर खटला भरावा किंवा त्याला दुसऱ्याच्या हवाली करावं. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी पिनोशे यांच्या मुदतवाढीवर सार्वमत ठरलं होतं. त्याच्या काही दिवस आधी त्यांच्याच सरकारनं हा करार मान्य केला. सार्वमतात सुमारे ५६ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. मार्च १९९०मध्ये त्यांनी सत्ता सोडली; सेनाप्रमुखपद मात्र सोडलं नाही.

१६ ऑक्टोबर १९९८ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर, पिनोशे यांना अटक झाली. वॉरंट होतं स्पॅनिश न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांचं. माजी राष्ट्रप्रमुख म्हणून आपल्याला हात लावता येत नाही, हा त्यांचा बचाव. मार्च १९९९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं सहा विरुद्ध एक मतांनी तो फेटाळला, पण संबंधित देशांनी करार स्वीकारल्यानंतरच्या, म्हणजे १९८८च्या अखेरीपासूनच्या छळापुरताच. आरोपांचा मोठा भाग गळाला, तरी तत्त्व उरलं. मार्च २०००मध्ये प्रकृतीच्या कारणावरून त्यांना सोडण्यात आलं. सान्तियागोला उतरताच ते चाकाच्या खुर्चीतून उठले.

घरी आता न्यायाधीश हुआन गुस्मान वाट पाहत होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. माफीचा कायदा १९७८पर्यंतच्या गुन्ह्यांना. ज्याला नेलं पण ज्याचा मृतदेह सापडलाच नाही, त्याचं अपहरण अजून चालूच आहे. मग माफी कशी लागू होईल? प्रेतं लपवून पुरावा संपेल असं ज्यांना वाटलं होतं, त्यांच्यावर तेच लपवणं उलटलं. आणि अमुक माणसाला अमुक दिवशी नेलं हे सिद्ध करायला विकारियाचे ते फेटाळलेले अर्ज होतेच. राजवट संपल्यावर सत्यशोधनासाठी नेमलेल्या रेतिग आयोगानंही १९९१च्या अहवालात त्याच दप्तराचा आधार घेतला होता. मारले गेलेले आणि बेपत्ता मिळून सुमारे ३,२००, तुरुंगवास आणि छळातून वाचलेले ३८,०००हून अधिक, अशी आज चिली सरकारची नोंद आहे. कॉन्त्रेरास तुरुंगवासाच्या शिक्षा भोगत असतानाच २०१५ साली वारले. पिनोशे मात्र शिक्षेविनाच १० डिसेंबर २००६ रोजी, जागतिक मानवी हक्क दिनी, गेले.

तेव्हा हिशेब असा. ठरावांनी पिनोशे पडले नाहीत. त्यांना चिलीच्याच मतदारांनी पाडलं. ठरावांनी त्या ३,२०० जणांना वाचवलं नाही. निषेध करणाऱ्यांत ढोंगी होते, आणि सोयीनं गप्प बसणारेही. पण निषेध चालू राहिला म्हणून नोंदी मागितल्या जात राहिल्या आणि मागणारं कोणी होतं म्हणून त्या ठेवणाऱ्यांना बळ राहिलं. एखाद्या राजवटीविरुद्धचा ठराव उद्या वाचाल, तेव्हा त्यातली कडक विशेषणं सोडून द्या. त्यात नावं, तारखा आणि जागा आहेत का ते पाहा. नसतील तर तो दुसऱ्या वर्षी रद्दीत जाईल. असतील तर पंचवीस वर्षांनीही तो कुठल्या तरी न्यायालयात वाचून दाखवता येतो, आणि तेव्हा ‘अशी माणसं जन्मालाच आली नव्हती’ असं म्हणायची सोय कोणत्याही सरकारला राहत नाही.