कार्यस्थळापासून घरापर्यंत : वराहपालक कुटुंबांतील जिवाणूंचे संक्रमण

व्यावसायिक आरोग्याचा विचार बहुधा कारखान्याच्या किंवा रुग्णालयाच्या दारापाशीच थांबतो. कामगार घरी गेला की त्याचा धोका संपला, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक किती अपुरे आहे, हे नेदरलँड्समधील वराहपालकांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

वाहक शोधून त्यांना विलग ठेवण्याच्या काटेकोर धोरणामुळे त्या देशात मेथिसिलिन-रोधक स्टॅफिलोकॉकस ऑरियस (एमआरएसए) हा जिवाणू अत्यंत विरळ होता. अशा स्थितीत २००४ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत अवघ्या सहा महिन्यांच्या एका मुलीच्या शरीरावर तो आढळला. तिचे आईवडील वराहपालक होते आणि तेही वाहक निघाले. त्यानंतर त्या विभागातील २६ वराहपालकांची तपासणी झाली, तेव्हा ६ जणांत हा जिवाणू सापडला. जनावराकडून मालकाकडे, मालकाकडून अपत्याकडे आणि रुग्णालयात रुग्णाकडून परिचारिकेकडे वा उलट, असे संक्रमणाचे मार्ग २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. घरी येताच कपडे बदलणे व हात धुणे इष्टच. परंतु हा जिवाणू केवळ कपड्यांवरून येत नाही. जनावरांच्या संपर्कातून व गोठ्यातील धुळीतून तो मनुष्याच्या नाकपुड्यांत वस्ती करतो. वाहक व्यक्ती पूर्णतः निरोगी दिसते. स्वतः ती आजारी नसल्यामुळे कोणालाच शंका येत नाही. धोका उद्भवतो तो तान्ह्या मुलाला, वृद्धाला किंवा शस्त्रक्रियेची जखम असलेल्या माणसाला. जनावरांपासून काही काळ दूर राहिल्यास अनेकांच्या नाकातील जिवाणूंचे प्रमाण घटते, असेही दिसून आले आहे. पण ज्याची उपजीविकाच गोठ्यावर आहे, त्याला ही सवलत कोठून मिळणार?

म्हणूनच उपाय घराच्या उंबरठ्यावर नव्हे, तर गोठ्यात शोधावा लागला. सीसी३९८ या नावाने ओळखला जाणारा हा जिवाणूसमूह मूळचा मनुष्यातील असून जनावरांत गेल्यावर त्याने टेट्रासायक्लिन व मेथिसिलिन यांना रोध मिळवला, असा निष्कर्ष २०१२ मधील जनुकीय अभ्यासाने काढला. जनावरांना सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा संबंध त्यातून अधोरेखित झाला. नेदरलँड्सने पशुपालनातील प्रतिजैविकांचा वापर २००९ च्या तुलनेत २०१३ पर्यंत निम्मा करण्याचे उद्दिष्ट ठेवले व ते गाठलेही. वराहपालकांना रुग्णालयात दाखल करताना आधी त्यांची तपासणी करण्याची पद्धतही तेथे रूढ झाली.