पेशींची झीज आणि तारुण्याच्या गोळ्या

‘डीएनए दुरुस्त करून म्हातारपण थांबवतो’ असे सांगून महागड्या गोळ्या विकल्या जातात. पैसे मोजण्याआधी विज्ञान समजून घेऊ.

बुटाच्या लेसच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते. ती गेली की धागे सुटतात. आपल्या पेशींतल्या डीएनएच्या टोकांनाही अशीच टोपी असते, तिला टेलोमिअर म्हणतात. पेशीची दोन होताना ती दरवेळी थोडी झिजते. फार झिजली की पेशी वाढणे थांबवते.

ही झीज भरणारे टेलोमरेज एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांनी शोधले. २००९ चे नोबेल जॅक शोस्टॅक यांच्यासह त्यांना मिळाले. फळमाशीत टेलोमरेज नसते. तिथे डीएनएचे उड्या मारणारे तुकडे टोकावर जाऊन बसतात आणि झीज भरतात. असे तुकडे असतात, हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यावरून प्रथम दाखवले. अनेक वर्षे त्यांचे कुणी फारसे ऐकले नाही. १९८३ साली नोबेल मिळाले.

मग टेलोमरेज वाढवावे का? सावधान! बहुतेक कॅन्सरच्या पेशी त्याच्याच जोरावर न थांबता वाढतात. तारुण्य परत आणणारी सिद्ध गोळी आज नाही.

२००४ साली अमेरिकेत, दीर्घ आजारी मुले सांभाळणाऱ्या मातांचा अभ्यास झाला. ज्यांना ताण जास्त जाणवत होता, त्यांचे टेलोमिअर आखूड आढळले. म्हणून घरातल्या आजाऱ्याची सेवा एकट्या बाईवर टाकू नका, पाळ्या लावा. तंबाखू सोडा, बीपी-शुगर तपासा.

ऐकीव म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. गोळ्यांनाही तेच लागू.