परतवाड्यात मिळणारी म्हातारपणाची गोळी

मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या परतवाड्याच्या मेडिकलवर ‘शुगरची गोळी’ म्हणून जी मागितली जाते, ती बहुतेक वेळा मेटफॉर्मिन असते. 1957 पासून वापरात असलेली, स्वस्त, पेटंटच्या कटकटीतून केव्हाच सुटलेली. हीच गोळी म्हातारपण लांबवते का, हे तपासण्याचा बेत अमेरिकेतले डॉ. नीर बार्झिलाय अनेक वर्षे मांडत आहेत. मधुमेह नसलेली, 65 ते 79 वयाची तीन हजार माणसे घ्यायची आणि हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश त्यांना उशिरा गाठतात का, ते सहा वर्षे पाहायचे. घोडे अडले ते पैशापाशी. जी गोळी कोणीही बनवू शकतो, तिच्यासाठी एवढा खर्च कोणती कंपनी करील?

पुरावाही डळमळीत आहे. 2014 मध्ये ब्रिटनमधल्या नोंदींत ही गोळी घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्या माणसांपेक्षा किंचित जास्त जगलेले दिसले. 2022 मध्ये डेन्मार्कच्या नोंदींत तसे काही आढळले नाही. 2024 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी नर माकडांना ती 40 महिने दिली, तेव्हा त्यांच्या मेंदूचे वार्धक्य मंदावलेले दिसले. त्याआधी, 2009 मध्ये, रापामायसिन या दुसऱ्याच औषधाने उतारवयातल्या उंदरांचे आयुष्य वाढवले होते. या शास्त्रात उंदराइतका भाग्यवान प्राणी दुसरा नाही.

पण जिच्यासाठी ही गोळी लागते, ती शुगर आपल्याकडे एवढ्या लवकर येतेच का? याचा माग पुण्यात लागतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. तरी वजनाच्या मानाने आपल्या बाळाच्या अंगावर चरबी जास्त, स्नायू कमी. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी युडकिन यांचा फोटो छापला. उंचीच्या तुलनेत दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! आईच्या पोटात उपाशी राहिलेल्या शरीराला पुढे साखर, तेल आणि खुर्ची मिळाली की ते लवकर थकते.

म्हणून निरोगी म्हातारपणाचा रस्ता परतवाड्याहून वर सेमाडोह-धारणीकडे जातो, असे म्हणायला हरकत नाही. मेळघाटातली कमी वजनाची बाळे ही आजवर बालमृत्यूची बातमी होती. बैरागडला ऐंशीच्या दशकापासून राहिलेले डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासारख्या डॉक्टरांनी त्यांना जगवण्यात उमर घातली. जगलेल्या त्या बाळांची पन्नाशी कशी जाईल, हा आता आरोग्याचा पुढचा हिशेब आहे. बार्झिलायांची गोळी पासष्टीला सुरू होईल; मेळघाटातल्या गरोदर कोरकू आदिवासी बाईच्या ताटातली डाळ त्याच्या कितीतरी आधी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार भारतीय माणूस सुमारे 70 वर्षे जगतो, त्यातली धडधाकट वर्षे साधारण 60. मधली दहा वर्षे बहुतेक घरांत सुनेच्या नाहीतर लेकीच्या अंगावर पडतात. सरकार 65 नंतर श्रावणबाळ योजनेत महिन्याला दीड हजार देते, तेही पात्र गरिबांनाच. ही दहा वर्षे आटली तर घरही मोकळे होईल. पण नवे पेचही येतील. बाप नव्वदीतही संत्र्याच्या बागेत खमका उभा असेल, तर सातबारा मुलाच्या नावावर त्याच्या साठीत चढणार! तोवर पुण्याला गेलेला मुलगा परत कशाला येईल?

आयुष्य झपाट्याने वाढले आहे ते वेगळ्याच माणसांचे. डाउन सिंड्रोम असलेली माणसे अमेरिकेत 1983 मध्ये सरासरी 25 वर्षे जगत. आता ती साठीच्या आसपास पोचतात. म्हणजे आईबापांच्या मागेही ती उरतात. परतवाड्याजवळ वझ्झर इथे शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना वाढवले, आपले आडनाव दिले; 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. बालगृहाचा नियम मुलाला अठराव्या वर्षी बाहेर काढतो. अशा मुलांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा, अशी मागणी शंकरबाबा वर्षानुवर्षे सरकारकडे करत आले आहेत.