दोघांची होडी एकट्यासाठी करायची तर? घाट, वजन आणि घनाचं गणित

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, मुलांना एक प्रश्न विचारून बघा : "दोन माणसांची होडी एका माणसासाठी करायची असेल, तर काय कराल?" बहुतेक मुलं चटकन सांगतात, "अर्धी करायची!" याच उत्तरातून प्लवन, गुणोत्तर आणि घन हे तीन धडे एकत्र शिकवता येतात.

उदाहरण म्हणून उत्तर अमेरिकेतली कॅनू घेऊ. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी आणि एकेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायची ही होडी. दोघांची कॅनू साधारण ४.८ मीटर लांब असते. त्यात एक जण पुढे बसतो, एक मागे.

एक जण उतरला तर काय होतं?

पाण्यालगत होडीची लांबी ४.८ मीटर आणि रुंदी ०.८ मीटर धरू. टोकं निमुळती असल्यामुळे पाण्यावरचं क्षेत्रफळ आयताच्या अंदाजे ०.६५ पट येतं, म्हणजे सुमारे २.५ चौ.मी. अशी होडी १ सेंमी खाली जायला २५ लिटर पाणी बाजूला सरतं, म्हणजेच २५ किलो वजन लागतं. मग ५० किलोचा सोबती उतरला की होडी २ सेंमी वर येते.

२ सेंमी म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? पण उरलेला माणूस मागच्याच बाकावर बसला असेल, तर पुढचं टोक त्याहून पुष्कळ जास्त उचललं जातं. उचललेल्या टोकाला वारा पकडतो आणि होडी भलतीकडेच वळवतो. एकट्या मुलाला ती परत किनाऱ्याकडे वळवणं अवघड जातं. हा मुद्दा सहलीला जाणाऱ्या प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा.

यावर सोपा उपाय असा : होडीची दोन्ही टोकं सारखी असतील तर पुढच्या बाकावर उलट तोंड करून बसायचं. पाय मावावेत म्हणून हा बाक टोकापासून जरा आत बसवलेला असतो, त्यामुळे वजन मध्याच्या जवळ येतं. पुढे थोडं सामान ठेवलं की तोल आणखी सुधारतो.

घाट बदलताना

आता नवीन होडीच बांधायची असेल तर? लाकडी पट्ट्यांची कॅनू बांधताना आधी आडव्या छेदांचे साचे ठराविक अंतरावर उभे करतात. हे अंतर ३० सेंमीऐवजी २७ सेंमी केलं की लांबी १० टक्के कमी होते, रुंदी तीच राहते. रुंदीही १० टक्के कमी केली, तर तेवढ्याच खोलीला होडी ०.९ × ०.९ = ०.८१ पट वजन पेलते.

इथे खरी गंमत आहे. होडी किंचित कलल्यावर रुंदीमुळे तिला जो आधार मिळतो, तो लांबीच्या पटीत बदलतो, पण रुंदीच्या *घनाच्या* पटीत बदलतो. नुसती रुंदी १० टक्के कमी करा : ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९. म्हणजे आधार तब्बल २७ टक्क्यांनी घटला!

मग रुंदी कमी करायचीच कशाला? कारण एकटा माणूस मध्यभागी बसतो आणि तिथेच होडी सर्वांत रुंद असते. फार रुंद होडीत वल्हं उभं धरता येत नाही. तिरकं वल्हं मारलं की होडी पुढे जाण्याऐवजी वळतच राहते. म्हणून काही कॅनूंच्या बाजू वरच्या कडेला आत झुकवतात : पाण्यालगत रुंदी टिकते आणि हातही पाण्यापर्यंत पोचतो. गेलेला आधार भरून काढायला बैठक खाली घेतात किंवा गुडघ्यांवर बसतात. आपल्या कोकणातल्या उलांडी लावलेल्या होडीत हेच काम बाजूचा तरंगता दांडा करतो.

तळाचा बाकही महत्त्वाचा. टोकं वर उचललेली, केळ्यासारखी होडी पटकन वळते, पण सरळ चालत नाही. सपाट तळाची सरळ चालते, वळायला त्रास देते. एकट्यासाठी मधला मार्ग बरा.

एक खरी होडी

अमेरिकेतल्या जे. हेन्री रश्टन यांनी १८८३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स या लेखकासाठी 'सेअरी गॅम्प' नावाची कॅनू बांधली. लांबी ९ फूट, रुंदी २६ इंच आणि वजन फक्त साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोपेक्षाही कमी! सिअर्स अंगाने किरकोळ होते, तळाशी बसून दुहेरी पात्याचं वल्हं मारत. त्या होडीतून त्यांनी ॲडिरॉन्डॅकच्या तलावांमधून २६६ मैलांचा प्रवास केला. माणूस बघून होडी बेतली होती, म्हणून हे जमलं.

वर्गात करून पाहा

१. जाड फॉइलच्या सारख्या लांबीच्या दोन होड्या करा : एक १० सेंमी रुंद, दुसरी ९ सेंमी.
२. दोन्हींत एकाच कडेला एकेक नाणं ठेवत जा. आधी कोणती कलंडते?
३. आता तेवढीच नाणी मधोमध, तळाशी ठेवा. काय फरक पडला?
४. सगळी नाणी एका टोकाला ठेवून समोरून फुंकर मारा.

निरीक्षणं वहीत लिहून घ्या, मगच सूत्र सांगा. आणि मुलं खऱ्या पाण्यावर जाणार असतील, तर होडीचा घाट कितीही चांगला असो, लाइफ जॅकेट अंगात असलंच पाहिजे आणि सोबत मोठं माणूस हवंच.