वीस टीम लावल्या म्हणून

आयपीएलच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेपासून वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसपर्यंत एक हिशेब हमखास ऐकू यायचा: फँटसी क्रिकेटमध्ये एका टीमने काही होत नाही, जीएलमध्ये (ग्रँड लीग, म्हणजे मोठ्या स्पर्धेत) वीस लावा, एक तरी लागेलच. पैशांच्या या स्पर्धा कायद्याने बंद झाल्या, पण हा हिशेब अजून डोक्यातून गेलेला नाही. तो चुकतो कुठे, हे पाहायलाच हवे, कारण यात मेसचे आणि खोलीभाड्याचे पैसे गेले आहेत.

वीस टीम म्हणजे वीसपट संधी, हा पहिला समज. सामन्यातल्या बावीस खेळाडूंतून अकरा निवडायचे तर ७,०५,४३२ संच होतात. त्यात दुप्पट गुण देणारा कॅप्टन आणि दीडपट गुण देणारा व्हाइस कॅप्टन ठरवण्याचे ११० मार्ग धरले की आकडा ७ कोटी ७५ लाखांच्या पुढे जातो. क्रेडिटच्या, म्हणजे खेळाडूंच्या ठरवलेल्या किमतीच्या मर्यादेने आणि प्रत्येक प्रकारच्या किमान खेळाडूंच्या अटींनी तो कमी होतो आणि सगळे संच सारख्या ताकदीचेही नसतात. तरी त्या ढिगात वीस टीम किती, हे दिसतेच.

शिवाय त्या वीस टीम खरोखर वेगळ्या असतात का? बहुतेकांच्या टीममध्ये आठ-नऊ नावे तीच, कॅप्टनही बहुधा तोच. २३ एप्रिल २०१७ला ईडन गार्डन्सवर बंगळुरूचा संघ ४९ धावांत गारद झाला. विराट कोहली पहिल्याच चेंडूवर बाद झाला आणि संघातली सर्वोच्च धावसंख्या होती पुण्याच्या केदार जाधवची, ९. अशा दिवशी कोहलीला कॅप्टन केलेल्या वीसच्या वीस टीम एकाच चेंडूवर लंगड्या होतात. पैसे वीस टीमचे गेले, पैज मात्र एकच होती.

अमेरिकेतल्या फुटबॉलच्या 'सर्व्हायव्हर' स्पर्धेत हे आणखी स्पष्ट दिसते. तिथे दर आठवड्याला जिंकेल असा एक संघ निवडायचा, एकदा निवडलेला पुन्हा घ्यायचा नाही, आणि तो हरला की आपण बाद. निवड बरोबर येण्याची शक्यता दर वेळी ७५ टक्के धरली, तरी अठरा आठवडे टिकण्याची शक्यता साधारण १७७ मध्ये १ उरते. दहा प्रवेशिका घेऊन प्रत्येकीची वाट वेगळी ठेवली, तर एखादी टिकण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या आसपास जाते. दहांत तेच संघ निवडले, तर ती पुन्हा १७७ मध्ये १.

म्हणजे टीम खरोखर वेगळ्या ठेवल्या तर संधी वाढते, हे खरे. पण खर्चही त्याच मापाने वाढतो, आणि फायदा-तोट्याचे गणित तिथेच ठरते. समजा शंभर जणांनी प्रत्येकी ५० रुपये भरले आणि आयोजकाने १५ टक्के कापले. जमा ५,०००, वाटप ४,२५०. सगळ्यांचे कौशल्य सारखे धरले तर एका टीममागे सरासरी साडेसात रुपये जातात, वीस टीममागे दीडशे. संख्या वाढवून हा तोटा नफ्यात बदलत नाही. आयोजकाची कपात भरून निघेल इतके इतरांहून सरस असलात, तरच बदलतो.

मग 'हा कौशल्याचा खेळ आहे असे कोर्टानेच म्हटले' त्याचे काय? मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये ड्रीम इलेव्हन या फँटसी ॲपबाबत तसे म्हटले होते. पण तो कायद्याचा प्रश्न होता. खेळात कौशल्य लागते, यावरून ते आपल्याकडे समोरच्यापेक्षा जास्त आहे असे ठरत नाही.

टेलिग्रामवर 'हीच जिंकणार' म्हणून दिल्या जाणाऱ्या 'फिक्स टीम'चे तर मला फार वाईट वाटते. पन्नास गटांना पन्नास वेगळ्या टीम दिल्या की एखादीची रँक चांगली येणारच. मग स्क्रीनशॉट फिरतो तो तिचाच. उरलेल्या एकोणपन्नास गटांतली पोरे गप्प बसतात.

आणि आता कायदा. ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्यामुळे असा खेळ चालवणाऱ्या एखाद्या ॲपने फसवले तर 'आपणच अडकू' या भीतीने गप्प बसू नये. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, आणि करताना यूपीआयचा व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवावी.